टिकाऊ म्हणजे काय?

वाशीम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. इथे जुनेपणाचे अप्रूप कुणाला नाही. परंतु खिशात मावणारे यंत्र किती वर्षे टिकावे, याचा विचार सहसा कुणी करीत नाही. आम्हांस तो करावा लागला.

आमच्या घरी वडिलांच्या आवाजातील हरिपाठाची एक कॅसेट आहे. ती वाजवणारा वॉकमन आजवर तीनदा उघडला गेला. आतला रबरी बेल्ट सैल पडला की आवाज रेंगाळतो. चार स्क्रू काढून नवा बेल्ट चढवला की पूर्ववत होतो. सोनीने १९७९ साली आणलेला पहिला वॉकमनही असाच होता: धातूचे आवरण आणि बाजारात मिळणारे दोन पेन्सिल सेल. २००१ साली आलेला आयपॉड दिसायला अधिक देखणा, पाठ आरशासारख्या पोलादाची. पण बॅटरी आत बंदिस्त. ती थकली की सुबक यंत्र मुके होई. २०२२ साली त्याचे उत्पादनही थांबले.

मजबुती आवरणात असते, टिकाऊपणा उघडता येण्यात, असे आमचे मत झाले आहे. मात्र आमच्या गल्लीतील रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरे टांगलेली असतात. चौथ्यांदा बेल्ट सैल पडला, तर तो बदलणारा हात कुठे शोधावा?