कोन्या पार्टीची टोपी?

सोयाबीनची सुडी हडंब्यात चालली होती. भुसा उडत होता आणि पोत्याचं तोंड धरून उभ्या असलेल्या पुतण्याच्या डोक्यावर काळी कॅप होती. तिच्यावर पांढऱ्या धाग्यात एकमेकांत अडकलेली दोन इंग्रजी अक्षरं, एन आणि वाय. धुऱ्यावर बसलेल्या आबांनी ती बराच वेळ न्याहाळली आणि विचारलं, "कोन्या पार्टीची टोपी हाय रे थे?"

"पार्टीची नाय आबा, फॅशन हाय."

आबांना हे पटलं नाही. त्यांच्या हिशेबात टोपी कुणाची तरी असतेच. प्रचारात वाटलेल्या टोप्या त्यांनी पाहिल्या होत्या, २०११ सालच्या अण्णा हजारेंच्या आंदोलनातल्याही. कुणाचीच नाही अशी टोपी त्यांच्या पाहण्यात नव्हती.

तशी पुतण्याची टोपीही कुणाची तरी आहेच. न्यूयॉर्क यँकीज हा अमेरिकेतला बेसबॉलचा संघ. बेब रूथ खेळला तो. पुतण्याने मात्र बेसबॉलचा चेंडूही पाहिलेला नाही. रिसोडच्या आठवडी बाजारात दोरीला लटकलेल्या टोप्यांमध्ये ही 'एनवाय', आणि शिंगं रोखलेल्या लाल बैलाची ती 'बैलवाली'. शिकागोचा बास्केटबॉल संघ पोळ्याच्या मुलखात येऊन नुसता बैल झाला!

गंमत म्हणजे हे चिन्ह मुळात यँकीजचंही नव्हे. टिफनी या जवाहिऱ्याच्या पेढीने १८७७ साली न्यूयॉर्क पोलिसांच्या शौर्यपदकासाठी ते घडवलं. संघाच्या गणवेशावर ते आलं १९०९ मध्ये. १९९६ साली दिग्दर्शक स्पाइक ली याने न्यू एरा कंपनीकडून नेहमीच्या निळ्याऐवजी लाल टोपी बनवून घेतली. संघाचा रंग सुटला आणि हळूहळू टोपीनेही मैदान सोडलं. पोलिसाच्या छातीवरून खेळाडूच्या कपाळावर, तिथून रॅप गायकांच्या डोक्यावर आणि आता आमच्या वावरात, भुशात.

"आबा, तुमची कोन्या पार्टीची?" मी विचारलं.

त्यांनी डोक्याला हात लावून पाहिला. "हे? लग्नातली. आहेरात भेटली."

असहकाराच्या काळात ही पांढरी टोपी घालणं म्हणजे सरकारशी उघड वैर होतं. स्वातंत्र्यानंतर ती पुढाऱ्यांची झाली, आणि पुढाऱ्यांनी उतरवल्यावरही शेतकऱ्याच्या डोक्यावर राहिली. ज्यांच्या नावाने ती ओळखली जाते त्या गांधीजींनी स्वतः ती चार-दोन वर्षंच घातली. आज मांडवात टॉवेलासोबत ती हातात पडते आणि घेणारा ती मुकाट्याने डोक्यावर ठेवतो. टोपीवरचं हे ओझं उतरायला दोन-तीन पिढ्या गेल्या. एनवाय आमच्याकडे आली तीच हलकी होऊन. तिच्यापायी जिंकल्याचा गुलाल नाही, हरल्यावर कुणाची बोलणी नाहीत.

मला याचं थोडं वाईट वाटायचं. सातासमुद्रापलीकडचा संघ डोक्यावर आणि घरचा कुठेच नाही. फैझ फजलच्या विदर्भाने १ जानेवारी २०१८ ला इंदुरात दिल्लीला हरवून पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला, तेव्हा मी एकट्यानेच पेढे वाटले होते. पुढच्या वर्षी पुन्हा करंडक आला, २०२४-२५ च्या हंगामात तिसऱ्यांदा. त्या तिसऱ्या वेळी न राहवून बाजारात गेलो आणि विचारलं, "विदर्भाची कॅप हाय का?"

टोपीवाल्याने मान वर केली. मला वरून खाली पाहिलं.

"वेगळ्या विदर्भाची काय? थ्या निवडनुकीत येतात, दादा. त्या इकत कोनी नाय."

रणजीचं सांगायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. टोपी डोक्यावर नव्हती तरी त्याने माझी पार्टी विचारली होती. जवळचं नाव कपाळावर घेतलं की लोक बाजू विचारतात. लांबचं घेतलं तर फार तर भाव विचारतात. पुतण्याला हे माझ्याआधी कळलं असावं.

ऊन चढलं होतं. मी एक एनवाय घेतली.