एकदाच पिसा

बदाम-सातचा डाव संपतो तेव्हा सतरंजीवर चार रंगांच्या चार रांगा शिस्तीत लागलेल्या असतात. पत्ते गोळा करणाऱ्याला हमखास हुकूम सुटतो, ‘नीट पिस रे!’ हुकूम सोडणाऱ्याला गणित येत असो वा नसो, एक गोष्ट अनुभवानं ठाऊक असते: घाईघाईत पिसलेल्या कॅटमध्ये मागच्या डावाच्या रांगा तुकड्यातुकड्यांनी तशाच राहतात. पुढच्या वाटपात त्या कुणाच्या तरी लक्षात येतात आणि भांडण लागतं.

पत्ते खेळणाऱ्याला जी शिल्लक नको असते, तीच पत्त्यांची जादू करणाऱ्याचं भांडवल असते. पिसण्यानं काय मोडतं, हे सगळ्यांना दिसतं. काय मोडत नाही, हे कॅलिफोर्नियातल्या नॉर्मन गिलब्रेथ या तरुण गणितज्ञानं नेमकेपणानं मांडलं. तो हौशी जादूगारही होता. जुलै १९५८ मध्ये ‘द लिंकिंग रिंग’ या जादूगारांच्या मासिकात त्याचा ‘मॅग्नेटिक कलर्स’ हा खेळ छापून आला. पुढे मार्टिन गार्डनरनं १९६० मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्याची ओळख करून दिली आणि जादूगारांचं हे गुपित गणितज्ञांच्या टेबलावर येऊन पडलं.

खेळ असा. प्रेक्षकाच्या हाती कॅट दिला जातो. तो हवा तिथे काटतो. मग वरून एकेक पत्ता टेबलावर ठेवत जातो आणि मनाला येईल तिथे थांबतो. आता दोन गड्ड्या झाल्या, एक टेबलावर आणि एक हातात. या दोन्ही गड्ड्यांचे कोपरे समोरासमोर धरून, अंगठ्यांनी पत्ते सोडत, तो त्या एकमेकींत मिसळतो. जादूगारानं अजून कॅटला बोटही लावलेलं नसतं. कॅट रुमालाखाली जातो आणि जादूगार वरून दोन-दोन पत्ते काढून दाखवू लागतो. प्रत्येक जोडीत एक लाल, एक काळा. शेवटच्या, सव्विसाव्या जोडीपर्यंत.

सुरुवातीला कॅट लाल-काळा, लाल-काळा असा लावलेला होता, एवढं तर कुणीही ओळखेल. पण मग पिसल्यावर तो बिघडला कसा नाही?

बिघडला तर खराच. सलग पत्ते पाहिले तर मध्येच दोन लाल शेजारी येतात, कुठे दोन काळे. टिकते ती फक्त जोडी, आणि ती का टिकते हे समजायला शाळेतलं बीजगणितही लागत नाही. वाटताना टेबलावरच्या गड्डीचा क्रम उलटा होतो. अगदी पहिला ठेवलेला पत्ता तिच्या तळाशी जातो, तर हातातल्या गड्डीच्या तळाशी कॅटचा शेवटचा पत्ता असतो. लाल-काळ्याच्या रांगेत पहिला आणि बावन्नावा पत्ता वेगळ्या रंगांचे असतात, म्हणून दोन्ही गड्ड्यांचे तळही वेगळ्या रंगांचे. पिसताना पत्ते तळातूनच सुटतात. समजा, पहिल्यांदा डावीकडून लाल सुटला. आता डावीकडे तळाला काळा आला, आणि उजवीकडे तर काळाच होता. दोन्हीकडे काळा! पुढचा पत्ता कोणत्याही अंगठ्याखालून सुटो, तो काळाच असणार. जोडी पुरी झाली की दोन गड्ड्यांचे तळ पुन्हा वेगळ्या रंगांचे होतात आणि तीच गोष्ट नव्यानं सुरू होते.

एवढीच सिद्धता. ती कळल्यावर प्रयोग करणाऱ्याच्या वागण्यात फरक पडतो, आणि तो समोरच्याला जाणवतो. हातचलाखीच्या खेळात जादूगार कॅट जवळ ओढतो, प्रेक्षकाच्या बोटांवर डोळा ठेवतो, नको त्या क्षणी गप्पा वाढवतो. इथे तो खुर्चीत मागे टेकून बसू शकतो. प्रेक्षकानं तीन पत्ते वाटले काय नि तीस वाटले काय. सफाईनं पिसलं काय नि चार-चार पत्त्यांचे गठ्ठे टाकत ओबडधोबड पिसलं काय. जिथे स्वातंत्र्य दिल्यानं काही बिघडत नाही, तिथे ते सढळ हातानं द्यायचं, ही या कलेतली खरी बैठक. ‘हवं तिथे थांबा’ हे वाक्य जादूगार मनापासून म्हणू शकतो, कारण ते खरंच असतं.

गिलब्रेथ लाल-काळ्यावर थांबला नाही. १९६६ मध्ये त्यानं तत्त्वाचं मोठं रूप मांडलं. दोन रंगांऐवजी कोणतंही चक्र घ्या. किलवर, बदाम, इस्पिक, चौकट असा क्रम तेरा वेळा लावा. वाटून, उलटवून, एकदा पिसलं की वरून घेतलेल्या प्रत्येक चार पत्त्यांत चारही रंग एकेकदा सापडतात. एक्क्यापासून राजापर्यंतची रांग एकाच क्रमानं चार वेळा लावली, तर पिसल्यानंतरच्या प्रत्येक तेरा पत्त्यांत तेराही पत्ते हजर. क्रम विस्कटलेला, पण हजेरी पूर्ण.

याचं कारण पाहायचं तर मूळ रांग डोळ्यांसमोर आणावी. प्रेक्षक जिथे थांबला तिथे ती तुटली. वाटलेली गड्डी उलटी झाल्यामुळे दोन्ही गड्ड्यांच्या वर आले ते या तुटलेल्या जागेच्या अलीकडचे आणि पलीकडचे पत्ते. पिसलेल्या कॅटच्या वरून पत्ते काढत जाणं म्हणजे मूळ रांग त्या जागेपासून दोन्ही बाजूंना उसवत जाणं, मधोमध टाका तुटलेल्या शिवणीसारखं. कधी डावीकडे दोन टाके, उजवीकडे एक, कधी उलट. पण उसवलेला भाग नेहमी सलग असतो. चाराच्या चक्रातले कोणतेही सलग चार पत्ते घेतले तर त्यांत चारही रंग येणारच. पुढच्या चार पत्त्यांना दोन्ही टोकांचे तुकडे मिळतात, पण चक्राच्या हिशेबानं तेही सलगच बसतात.

अमेरिकी जादूगारांत ‘साय स्टेबिन्स’ या नावानं ओळखली जाणारी जुनी मांडणी इथे फार उपयोगी पडते. तिच्यात प्रत्येक पुढचा पत्ता तीननं मोठा असतो आणि रंग ठरलेल्या क्रमानं फिरतो: किलवरच्या एक्क्यानंतर बदामची चौकी, मग इस्पिकची सत्ती, मग चौकटची दश्शी. पत्ते उघडे पसरले तरी नजरेला त्यात लगेच काही खटकत नाही. निव्वळ लाल-काळा लावलेला कॅट मात्र चाणाक्ष प्रेक्षक चटकन पकडतो. आणि या मांडणीत दोनाचं, चाराचं आणि तेराचं अशी तिन्ही चक्रं एकदम असतात. त्यामुळे एकाच पिसण्यानंतर जादूगार जोड्या दाखवू शकतो, चौकड्या दाखवू शकतो किंवा तेरा-तेराचे चार ढीग करू शकतो. काय करायचं हे समोरची मंडळी पाहून ठरवता येतं.

इथे कुणीही विचारेल, की एकदा पिसण्यानं कॅट खरोखर किती बदलतो? बावन्न पत्ते एकूण जितक्या प्रकारे लागू शकतात ती संख्या ६८ अंकी आहे. गिलब्रेथच्या रीतीनं, म्हणजे वाटून-उलटवून एकदा पिसल्यावर, ठरलेल्या सुरुवातीपासून जितके क्रम संभवतात त्यांची संख्या म्हणजे २ चा ५१ वा घात, सुमारे साडेबावीस कोटी कोटी. प्रेक्षकाला ही संख्या अफाट वाटेल. पण ती फक्त १६ अंकी आहे. ६८ अंकी समुद्रातलं ते एक छोटंसं बेट, आणि त्या बेटावरचा प्रत्येक क्रम जादूगाराच्या बाजूचा. पर्सी डायकोनिस आणि डेव्ह बेयर यांनी १९९२ मध्ये दाखवलं, की कॅट चांगला विस्कटायचा तर असं साधारण सात वेळा पिसावं लागतं. डायकोनिस चौदाव्या वर्षी घर सोडून डाय व्हर्नन या जादूगाराबरोबर हिंडायला गेला होता. संख्याशास्त्राचा प्राध्यापक तो नंतर झाला. पिसण्याकडे त्यानं इतक्या बारकाईनं का पाहिलं, याचं उत्तर त्या भटकंतीत आहे.

मराठी घरांत मात्र हा खेळ एका वेगळ्याच अडचणीत सापडतो. इथे अंगठ्यांनी कोपरे सोडत पिसण्याची पद्धत फारशी नाही. कॅट एका हातात उभा धरून दुसऱ्या हातानं थोडेथोडे पत्ते पुढेमागे टाकायचे, ही घरोघरची रीत. तिनं गड्डीतला क्रमच उलटापालटा होतो आणि गिलब्रेथचं गणित पहिल्या झटक्यात संपतं. अशा वेळी तत्त्वाला नेमकं काय हवं आहे, हे नीट समजलेला माणूसच वाट काढतो. त्याला अंगठे नकोत, कोपरे नकोत. दोन गड्ड्या एकमेकींत मिसळताना प्रत्येक गड्डीचा स्वतःचा क्रम टिकला म्हणजे झालं. दोन्ही गड्ड्या टेबलावर बोटांनी गोल फिरवून फुलासारख्या पसरवायच्या आणि एकमेकींत ढकलायच्या. स्वीडनचा जादूगार लेनार्ट ग्रीन यासाठी प्रसिद्ध आहे. त्याहून सोपं म्हणजे दोन्ही गड्ड्या समोर ठेवून प्रेक्षकाला सांगायचं, ‘कुठल्याही गड्डीवरचा पत्ता घ्या, एकावर एक रचत चला.’ गणिताच्या दृष्टीनं हेही पिसणंच आहे. वेळ जास्त लागतो, पण सत्तर वर्षांच्या आजीही ते करू शकतात, आणि प्रत्येक पत्ता त्यांनी स्वतः निवडलेला असल्यामुळे शेवट अधिकच अशक्य वाटतो.

गणिती जादूवर एक जुना आक्षेप आहे: फार मोजमाप, फार वाटावाटी, आणि शेवटी प्रेक्षक म्हणतो, ‘काहीतरी गणित आहे.’ आक्षेप खोटा नाही. म्हणूनच गिलब्रेथनं आपल्या पहिल्या खेळाला चुंबकाचं रूप दिलं, लाल आणि काळे पत्ते एकमेकांना ओढतात असं. प्रेक्षकाला हसायला, अविश्वास दाखवायला काहीतरी मिळालं आणि त्याचं लक्ष मोजण्यावरून उडालं.

देवळालीच्या द. रा. कापरेकर मास्तरांच्या ६१७४ ची गंमतही याच जातकुळीची. चार अंक घ्या, सगळे सारखे नकोत. मोठ्यात मोठ्या संख्येतून लहानात लहान वजा करा, आणि आलेल्या उत्तरावर तेच करत राहा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतेच. सुरुवात कुठूनही करायची मोकळीक पूर्ण, शेवट मात्र ठरलेला. गिलब्रेथला गणितज्ञांपुढे आणणाऱ्या गार्डनरनंच १९७५ मध्ये त्याच सदरातून कापरेकरांना जगापुढे नेलं.

गिलब्रेथच्या नावावर त्याच १९५८ सालचं एक कोडंही आहे. २, ३, ५, ७, ११ अशा मूळ संख्या ओळीनं लिहायच्या, शेजारच्यांमधले फरक खाली मांडायचे, मग त्या फरकांचे फरक. त्याचं म्हणणं असं, की पहिली ओळ सोडली तर प्रत्येक ओळीची सुरुवात १ नंच होते. १९९३ मध्ये अँड्र्यू ओडलिझ्को यांनी १० लाख कोटीपर्यंतच्या मूळ संख्या घेऊन ते तपासलं. कुठेही चूक निघाली नाही. पण सिद्धता आजही नाही. पत्त्यांचं तत्त्व चार वाक्यांत सिद्ध होतं, तर त्याच माणसाचं दुसरं निरीक्षण साठ वर्षांहून जास्त काळ कुणाला दाद देत नाही.

पिसण्यात काय उरतं हा प्रश्न जुगाराच्या धंद्यातही महाग पडू शकतो. पिसण्याची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीनं आपलं नवं यंत्र डायकोनिस आणि त्याच्या सहकाऱ्यांकडून तपासून घेतलं. त्यात दहा कप्पे होते. प्रत्येक पत्ता कुठल्या तरी कप्प्यात, आधीच्या पत्त्यांच्या वर किंवा खाली जाई. ‘वर किंवा खाली’ ही निवड गिलब्रेथच्या तत्त्वाची सख्खी नातलग आहे. नीट विस्कटलेल्या कॅटमध्ये पत्ते एकेक उघडत पुढचा ओळखायचा प्रयत्न केला, तर उत्तम डोक्याचा माणूसही सरासरी साडेचार पत्तेच बरोबर सांगतो. या यंत्रातून निघालेल्या कॅटमध्ये ते साडेनऊ निघाले.

राहता राहिला तो उत्साही प्रेक्षक, जो एकदा पिसून थांबत नाही. ‘अजून एकदा पिसतो हं’ म्हणून तो कॅट पुन्हा उचलतो. त्या क्षणी जोड्या आणि चौकड्यांची हमी संपते. अनुभवी हौशी माणूस त्याला अडवत नाही, कारण अडवलं की रहस्य उघडं पडतं. तो खेळच बदलतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियाच्याच चार्ल्स जॉर्डननं शोधलेला ‘प्रीमो’ त्याच्या डोक्यात तयार असतो. त्यात मूळ क्रमाचे चढते तुकडे शोधायचे असतात आणि असे तुकडे तीनदा पिसल्यावरही बऱ्यापैकी शाबूत असतात. बेयर आणि डायकोनिस यांच्या हिशेबानं तीन वेळा पिसल्यानंतरही प्रेक्षकानं बघून दुसरीकडे खुपसलेला पत्ता पहिल्याच फटक्याला शंभरात सुमारे चौऱ्याऐंशी वेळा सापडतो. म्हणून ठरलेल्या क्रमाचा दुसरा कॅट खिशातून काढून तो म्हणतो, ‘हा घ्या, तीनदा पिसा, मध्ये हवं तर काटा. मग वरचा पत्ता बघा आणि कुठेही खुपसा.’ उरलेल्या सोळा वेळांसाठी त्यानं तिसरा खेळ बसवलेला असतो.