लाकडी कढईतली सायकल

लेक-जावयाकडे लंडनला गेलात की बकिंगहॅम राजवाडा आणि टॉवर ब्रिज तुम्ही बघालच. पण मैत्रिणींनो, एक दुपार स्ट्रॅटफर्डसाठी राखून ठेवा. २०१२च्या ऑलिंपिकसाठी बांधलेलं सायकल-शर्यतींचं बंदिस्त क्रीडागृह, म्हणजे वेलोड्रोम, तिथे आहे. छप्पर बटाट्याच्या वेफरसारखं वाकलेलं!

आत गेलं की आधी लाकूड नजरेत भरतं. सैबेरियन पाइनच्या पट्ट्या, एकापुढे एक ठेवल्या तर ५६ किलोमीटर भरतील एवढ्या. २६ सुतारांनी साडेतीन लाख खिळे ठोकून आठ आठवड्यांत धावपट्टी उभी केली. आपल्याकडे एक कपाट करायला सुतार किती दिवस घालवतो, ते मी सांगायला नको. एक फेरी २५० मीटरची. वळणावर पट्टी ४२ अंशांनी चढते, अगदी कढईच्या कडेसारखी. वेग असेल तर सायकल कडेला धरून राहते, वेग गेला की घसरते. या सायकलींना ब्रेक नसतो. चाक फिरतंय तोवर पाय फिरलेच पाहिजेत, मध्ये विसावा नाही. (कुणाला आपलं स्वयंपाकघर आठवलं तर नवल नाही.)

पुरुषांच्या अशा शर्यती १८९६च्या पहिल्या ऑलिंपिकपासून होत्या. बायकांना मात्र १९८८पर्यंत थांबावं लागलं, आणि तेव्हाही मिळाली एकच शर्यत. २००८मध्ये पुरुषांना सात, बायकांना तीन. पाच-पाच अशी बरोबरी झाली ती २०१२मध्ये, याच लाकडावर. आपल्याकडेसुद्धा मुलीची सायकल शाळा-कॉलेजपुरतीच ना? लग्नानंतर ती कुणाला दिली, हे तरी आठवतंय का?

म्हणून मला तिथला शिकाऊंचा तास फार आवडला. माझ्यासमोर पिकल्या केसांच्या एक बाई कठडा घट्ट धरून उभ्या होत्या. शिक्षकाने चार शब्द सांगितले, तशी त्यांनी कठडा सोडला. पहिल्या फेऱ्या तळाशीच, मग हळूहळू काळ्या रेघेवर, शेवटी थेट वळणाच्या वर. त्यांचा नवरा बाहेर पिशवी सांभाळत बसला होता, हेही सांगून टाकते.

शेजारी रस्त्यावरच्या सायकलीसाठी एक मैलाचा वळणदार मार्ग आहे, आणि मुलांसाठी उंचवट्यांचा बीएमएक्सचा आखाडाही. शिकाऊ तासाची जागा आधी राखावी लागते. सायकल आणि हेल्मेट तिथेच भाड्याने मिळतं. साडी, ओढणी मात्र घरी ठेवून जा, आणि पोट भरून जेवून चढू नका.