दहा वर्षांनंतरची सुई

लस म्हटलं की आपल्याला पाळण्यातलं बाळच आठवतं. जन्मल्याबरोबर बीसीजी, काविळीची सुई, पोलिओचे थेंब. मग दीड, अडीच, साडेतीन महिने. नवव्या महिन्यात गोवर-रुबेला. पाचव्या वर्षाच्या डोसापर्यंत आया चोख असतात. पुढे ते ममता कार्ड कपाटात कुठेतरी जातं.

पण दहाव्या आणि सोळाव्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची टीडी लस असते, सरकारी दवाखान्यात फुकट. गरोदर बाईलाही तीच. पहिली लवकरात लवकर, दुसरी चार आठवड्यांनी. मागचं बाळंतपण तीन वर्षांच्या आतलं असेल आणि तेव्हा दोन्ही घेतल्या असतील, तर एकच पुरते.

आमच्या कारेलीबागेत घरकामाला येणाऱ्या बाईची मुलगी पाचव्या महिन्यात माहेरी आली, तरी एकही सुई नाही. सासरचे म्हणे, पोटातल्या जिवाला बाधेल. "बेन, मोठ्या बाईला कसली रसी?" (इथे लशीला रसी म्हणतात, आमच्याही तोंडी तेच बसलंय.)

भीती जुनीच. 1898 च्या फेब्रुवारीत हाफकीनसाहेबांनी बडोद्याजवळच्या उंढेरा गावी प्लेगची लस टोचली, तीही प्रत्येक घरातल्या निम्म्याच माणसांना. पुढे ज्या घरांत प्लेग शिरला तिथे टोचलेल्या 71 जणांत 3 गेले, न टोचलेल्या 64 जणांत 26. एकाच चुलीवरचं जेवणारी माणसं! लशीची बाजू सिद्ध झाली खरी, पण एका जावेला टोचून दुसरीला सोडलं असेल, हे मला अजून बोचतं.

बाईला मी आकडे नाही सांगितले. माझ्या सासूबाईंची पहिली दोन बाळं आठवड्याच्या आत गेली, ते सांगितलं. दूध ओढेनात, अंग लाकडासारखं ताठ. लोक म्हणाले, सटवीनं नेलं. सासूबाई मात्र शेवटपर्यंत म्हणत, नाळ कापली ती विळी गंजकी होती. नवजात बाळांचा धनुर्वात देशातून जवळपास हटला, हे 2015 साली जाहीर झालं तेव्हा त्या नव्हत्या.

बाई काही बोलली नाही. भांडी विसळून गेली. बुधवारी, ममता दिवसाला, मायलेकी दोघी दारात उभ्या. सुई झाली, कार्ड निघालं.

दुसरी सुई पर्युषणातल्या बुधवारी येते. माझा उपवास असेल त्या दिवशी, पण रिक्षात बसायला काय लागतं?