बाबा, रेती आणि टू-व्हील ड्राइव्ह

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. ही गोष्ट खरं तर २०२४ च्या एप्रिलमधली, पण तेव्हाच लिहिली असती तर पुण्याच्या आत्याने माझी बिनपाण्याने हजामत केली असती. (आत्या, आता वाचलंस तरी चालेल. सगळं सुखरूप आहे.)

तर माझ्याकडे एक जुनी पिकअप आहे. फोर्ड रेंजर, २००६ सालची. दोन माणसांची केबिन, पाच गिअर, हाताने फिरवायच्या काचा. आणि टू-व्हील ड्राइव्ह, म्हणजे इंजिनाची ताकद फक्त मागच्या दोन चाकांना. ही गाडी मी वाळवंटात नेतो म्हटलं की इथले लोक कसा चेहरा करतात ते मला आता पाठ झालंय. त्यांचंही चूक नाही. पिकअपचं इंजिन पुढे, केबिन पुढे, माणसं पुढे आणि मागे नुसता रिकामा हौदा. ज्या चाकांनी गाडी ढकलायची त्यांच्यावरच वजन नाही! त्यात साधा डिफरन्शियल. दोघांतल्या ज्या चाकाची पकड सुटली तेच गरगर फिरतं, आणि ज्याची पकड शाबूत आहे ते शांतपणे बघत बसतं. आमच्या ऑफिसातही हीच पद्धत आहे. असो.

बाबा मार्चमध्ये सॅन डिएगोला आले होते. आई २०२३ मध्ये गेली, त्यानंतरची त्यांची ही पहिलीच फेरी. बाबांनी बत्तीस वर्षं एसटी चालवली, बरीचशी देवरूख डेपोत. २०२१ मध्ये त्यांची अँजिओप्लास्टी झाली आणि २०२२ मध्ये लायसनची मुदत संपली. ते पुन्हा काढू नका, असं फोनवर निक्षून सांगणारा मीच. स्कूटर विकायला लावणाराही मीच. ते काही बोलले नव्हते. इथे आल्यावर तर बोलणं आणखी कमी झालं. सकाळी कोपऱ्यापर्यंत चालून यायचे आणि खिडकीत बसून कचऱ्याच्या गाडीचा ड्रायव्हर गाडी रिव्हर्स कशी घेतो ते बघायचे. त्यांना कायमचं इथेच ठेवून घ्यायचं, असं मी आणि बायकोने ठरवून टाकलं होतं. ग्रीन कार्डाचा फॉर्मही मी भरून ठेवला होता. त्यांना विचारायचं राहिलं होतं. राहिलं होतं म्हणजे, मी विचारलं नव्हतं.

एका शनिवारी म्हटलं, चला बाबा, वाळवंट दाखवतो.

आमच्याकडून दोनेक तासांवर आन्झा-बोरेगो नावाचं प्रचंड मोठं स्टेट पार्क आहे, कॅलिफोर्नियातलं सगळ्यात मोठं. वाटेत ज्यूलियन लागतं, तिथला ॲपल पाय प्रसिद्ध. बाबांनी डायबिटीस असून अख्खा तुकडा संपवला आणि मी टोकायच्या आत कागदाने तोंड पुसून मोकळे झाले. पुढे घाट उतरून वाळवंटात शिरलो. तिथे फाँट्स पॉइंट नावाची एक जागा आहे. १७७५-७६ मध्ये आन्झाच्या मोहिमेबरोबर पेद्रो फाँट नावाचा एक पाद्री इथून गेला, त्याचं नाव. डांबरी रस्ता सोडून सुमारे चार मैल, म्हणजे साडेसहा किलोमीटर आत जायचं. वाट कसली, कोरड्या ओढ्याचं पात्रच ते. नुसती रेती. लोक याला ऑफरोड म्हणतात, पण पार्कात ठरलेली वाट सोडायला बंदी आहे. म्हणजे हा रस्ताच, फक्त डांबर नसलेला. तसं असेल तर माझं अख्खं बालपण ऑफरोड गेलं म्हणायचं.

रेतीत जायच्या आधी टायरची हवा कमी करतात. टायर खाली पसरतो, रेतीवर तरंगल्यासारखा जातो. मी ३५ ची २५ केली. खरं तर १८ पर्यंत आणायला हवी होती, पण टायर रिमवरून निसटला तर, या भीतीने तेवढ्यावरच थांबलो. वजनासाठी हौद्यात रेतीच्या गोण्या टाकतात. मीही बासमतीची तागाची चार पोती जमवून नेली होती. भरायचा कंटाळा केला. फावडं होतं, पाणी भरपूर होतं. बाबा खाली उतरून हे सगळं बघत होते. एकदा रिकाम्या हौद्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. बोलले नाहीत.

पहिले पाच किलोमीटर झकास. रेतीत युक्ती एवढीच की एका चालीने जायचं. हिसका नाही, ब्रेक नाही, थांबणं नाही. आणि समोरून एक जीप आली. मी सज्जनपणे कडेला घेऊन थांबलो, नेमका भुसभुशीत जागी. जीपवाल्याने काच खाली करून विचारलं, ठीक ना? मी अंगठा दाखवला. तो गेला. मी क्लच सोडला आणि गाडी जागच्या जागी खाली बसली.

मग मी केलं काय, तर रेस वाढवली. आणखी वाढवली. उजवं चाक भिंगरीसारखं फिरलं आणि दोन मिनिटांत ॲक्सल रेतीला टेकला. बाहेर पस्तीस डिग्री, फोनला रेंज नाही, शेजारी त्र्याहत्तर वर्षांचा स्टेंट घातलेला माणूस. माझ्या पोटात गोळा आला. मागच्या धुळीत ती जीप अजून दिसत होती, ते अजून आठवतं.

"रेस सोड," बाबा म्हणाले. "खड्डा खणतोयस नुसता."

ते उतरले, वाकून चाक बघितलं आणि पलीकडच्या झुडपाकडे निघाले. पावसाळ्यात साइडपट्टीवर बस रुतली की ऐनाचे टाळ तोडून चाकाखाली घालायचे. ती सवय. मी ओरडलो, "बाबा, इथे फांदी तोडायला बंदी आहे!" ते तिथेच थबकले. "मग रेती उचलायला?" म्हणाले. मी म्हटलं, परत ओतू जागेवर. "मग भर ती पोती."

मी भरली. रुतलेल्या बसमधून उतरून सगळे पॅसेंजर धक्का मारायला येतात आणि गाडी हलकी झाल्याने चाक आणखीच फिरतं, म्हणून बाबा अर्ध्या लोकांना वर पाठवून शेवटच्या बाकांवर बसवायचे. माणसं चिडायची म्हणे. हे त्यांनी मी फावडं मारत असताना सांगितलं. आईबद्दल सोडून एवढं सलग ते महिन्याभरात बोलले नव्हते. पोती मागच्या चाकांच्या बरोबर वर लावली. हवा १६ वर आणली, ती मात्र माझी अक्कल. हे त्यांना नवीन होतं, वाकून टायर पसरताना बघत राहिले. चाकांमागची रेती काढून पायपुसणी अंथरली. पुढे जायचं नाही, आलो त्याच चाकोरीत मागे जायचं, तिथली रेती दबलेली आहे, असा हुकूम झाला.

आता एकाने ढकलायचं आणि एकाने चालवायचं. ढकलणं त्यांच्या छातीला शक्य नव्हतं. दोघांनाही हे एकाच वेळी कळलं असावं. मी किल्ली पुढे केली. त्यांनी घेतली नाही. "लायसन नाही," म्हणाले.

मी म्हटलं, "बाबा, बसा."

ते बसले. सीट पुढे घेतली, आरसा फिरवला, सवयीने डाव्या हाताने गिअर शोधायला गेले आणि काच फिरवायचं हँडल धरलं. मग स्वतःशीच हसले. हाफ क्लचवर, इंजिनाचा आवाजही न वाढवता त्यांनी रिव्हर्स सोडला. मी पुढून बॉनेटला छाती लावून ढकलत होतो. गाडी आधी थरथरली, मग शहाण्यासारखी मागे सरकत गेली. तीस-चाळीस मीटरवर घट्ट जमीन होती. मला वाटलं, आता उतरतील. त्यांनी पहिला टाकला, दुसरा टाकला आणि माझ्या अंगावरून धुरळा उडवत पुढे निघून गेले. खिडकीतून हात बाहेर काढून एसटीवाले करतात तसा 'या मागून' असा इशारा तेवढा केला. रेतीत थांबायचं नसतं, बरोबरच आहे. पण पाणीही गाडीतच होतं!

पायपुसणी गोळा केली, खड्डा बुजवला आणि दीड किलोमीटर चालत गेलो. फाँट्स पॉइंटला गाडी घट्ट जागेवर, तोंड परतीच्या वाटेकडे करून उभी होती. वस्तीची गाडी रात्री लावतात तशी. बाबा कड्यापासून जरा आत उभे होते. खाली मातीच्या सुरकुत्याच सुरकुत्या, मैलोन्‌मैल, आणि लांब पूर्वेला सॉल्टन समुद्राची पट्टी.

"मागे का नाही गेलात?" मी विचारलं.

"तिकीट इथपर्यंतचं होतं ना?"

मी अर्धी बाटली पाणी प्यायलो. मग ते कड्याकडे बघतच म्हणाले, "तो फॉर्म भरलायस, तो नको पाठवू." कुठला फॉर्म, असं विचारण्याइतका मी निर्लज्ज नाही. टेबलावरच पडलेला असायचा तो. मी म्हटलं, तिथे एकटे कसे राहाल? रात्री काही झालं तर? ते म्हणाले, "होईल ते होईल. इथे काही होतच नाही."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. बायकोला त्यांचं म्हणणं पटलं नाही, आमचं बरंच वाजलं. मला पटलंय का, तेही धड सांगता येत नाही. अवेळी फोन वाजला की छातीत धस्स होतं.

परत येताना मी चालवली. पोती ओतली ती डांबरी रस्ता दिसल्यावर, त्याच ओढ्यात. मग लायटरच्या सॉकेटवर चालणाऱ्या पंपाने चारही टायर ३५ वर आणायला पाऊण तास लागला. बाबा सावलीला बसून दर टायरला "किती झाली?" विचारत होते.

ते ऑगस्टमध्ये देवरूखला परत गेले. दिवाळीच्या सुमारास व्हॉट्सॲपवर फोटो आला, नव्या लायसनचा. मुदत संपून वर्ष उलटून गेल्यामुळे डॉक्टरचा दाखला, पुन्हा ट्रायल, सगळं करून आले होते. कुणालाही न सांगता. मी फोन केला. लायसनचा विषय त्यांनीही काढला नाही, मीही नाही. चुलतभावाच्या आंब्याच्या पिकअपबद्दल बोलत होते. तीही टू-व्हील ड्राइव्हच, बागेतून वर येताना रिकामी असली की चाक मारते म्हणे. मी विचारलं, मग काय करता?

"त्याला सांगितलं," म्हणाले, "चार पोती टाक मागे. आणि हवा थोडी कमी कर."