सातवा पाटा

बाबांच्या पिकअपला मागे प्रत्येक बाजूला सात पाटे होते. मला सहा हवे होते. पुढचं सगळं त्यातून झालं.

गाडी म्हणजे २००७ची महिंद्रा बोलेरो कॅम्पर, फोर बाय फोर. पुढे डबल केबिन, मागे उघडा हौदा, पिवळी पाटी. बाबांनी ती २०१३ मध्ये सेकंडहँड घेतली, तेव्हा मी अकरावीत होतो. आमची आंब्याची कलमं राजापूर तालुक्यात, गावाच्या वर सड्यावर आहेत. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडंबोडकं पठार. वर जाणारी वाट जांभा फोडूनच केलेली, उन्हाळ्यात तिच्यावर टायरखाली खडी घरंगळते आणि वळीव पडला की साबण होतो. मार्च ते मे, या वाटेवरून आंब्याचे क्रेट खाली शेडपर्यंत आणायचे हे गाडीचं मुख्य काम. एका क्रेटमध्ये वीसेक किलो माल, पन्नास क्रेट म्हणजे टनभर. उरलेलं वर्ष शेणखत, चिरे, गवत आणि कोणाच्या तरी लग्नाच्या खुर्च्या.

थोडक्यात, लोक ज्याला ऑफरोडिंग म्हणतात त्याला आमच्याकडे 'माल आणणं' म्हणतात. हे मला पुण्यात नोकरीला लागल्यावर कळलं. ऑफिसमधली दोन-तीन मुलं दर रविवारी आपापल्या जीप घेऊन चिखलात जायची आणि सोमवारी जेवताना अप्रोच अँगलवर बोलायची. मी एकदा सहज म्हटलं, आमच्याकडे पण फोर बाय फोर आहे. जुनी आहे म्हटल्यावर त्यांचे डोळे जास्तच चमकले. जुनी म्हणजे सेन्सर नाहीत, सगळं पान्याने उघडतं. त्या संध्याकाळी मी बाबांच्या गाडीबद्दल आयुष्यात पहिल्यांदा इंटरनेटवर वाचलं.

वर्क फ्रॉम होमच्या कृपेने मी त्या वर्षी डिसेंबरपासून गावीच होतो. पहिली दोन कामं चांगली झाली, हे आधी सांगून टाकतो, कारण पुढे माझ्या बाजूने बोलण्यासारखं फार नाही.

एक म्हणजे ब्रीदर. मागच्या अ‍ॅक्सलचं हौसिंग चालून चालून तापतं. अशी तापलेली गाडी पऱ्याच्या गार पाण्यात घातली की आतली हवा आकुंचन पावते आणि ब्रीदरमधून, सीलमधून पाणी आत ओढलं जातं. बाबांच्या गाडीचं हौसिंगमधलं तेल दर पावसाळ्यानंतर दुधाच्या चहासारखं निघायचं. बाबा ते बदलायचे आणि पुढे जायचे. मी ब्रीदरला रबरी नळी जोडून ती पाणी पोचणार नाही अशा उंचीवर, हौद्याच्या कडेला नेली. खर्च म्हणाल तर नळी आणि दोन क्लिपा. बाबांनी नळीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "हे बरं केलंस." माझ्या बाबांच्या तोंडून हे म्हणजे अप्रेझलमध्ये सर्वोच्च रेटिंग.

दुसरं, चासीला आतून तेल. समुद्र जवळ, खारी हवा, चार महिने पाऊस. बाबा दर मे महिन्याच्या शेवटी इंजिनाचं जुनं काळं तेल ब्रशने चासीला फासायचे. (ते पावसात जमिनीत उतरतं, हे बोलायला गेलो तर आमच्याकडे वेगळंच भांडण होतं.) मी गंज घासून, प्रायमर मारून, बंद पोकळ्यांमध्ये गंजरोधक मेण फवारलं.

मग माझा आत्मविश्वास वाढला.

टायर २१५/७५ आर१५ होते, मी २३५/७५चे जाड नक्षीचे आणले. हिशोब सोपा आहे: व्यास ७०३.५ मिलिमीटरवरून ७३३.५ होतो, म्हणजे गाडी १५ मिलिमीटर उचलते. स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा खरा वेग साडेबासष्टच्या पुढे असतो. हे मी एक्सेलमध्ये मांडलं होतं. पुढे लोखंडी बंपर लावला. तो महिनाभरातच उतरवला, कारण पासिंग जवळ आलं आणि मी अखेर कायदा वाचला. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, शिवाय कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत फेरफार चालणार नाहीत असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितलेलंच आहे. आधी कोड लिहायचा आणि मग रिक्वायरमेंट वाचायची, ही सवय ऑफिसातही गेलेली नाही.

राहिले पाटे. रिकामी पिकअप मागून गाढवासारखी उडते, कारण कमानपाटे टनभर वजनासाठी बनवलेले असतात आणि हौद्यात काहीच नसतं. उडालं की चाक जमीन सोडतं, जमीन सोडली की पकड जाते. बाबा त्यावर पावसाळ्यात हौद्यात वाळूच्या चार गोणी टाकतात. मला तो जुगाड वाटला. खाली झोपून मोजले तर सात पाटे, त्यातला एक स्पष्ट वेगळा, नंतर घातलेला, रंगही निराळा.

"बाबा, त्या सातव्या पाट्याचं काय काम आहे?"

बाबा हिशोबाची वही लिहीत होते. "आहे."

"पण काय?"

"वजन घेतो."

"सहा घेतातच की. काढून बघू?"

"बघ."

मी याची मनात 'अप्रूव्हड' अशी नोंद केली. हायवेवरच्या कमानवाल्याकडे दोन तासांचं काम होतं. पाटे उतरवताना त्याने दाखवलं की अ‍ॅक्सल वर आदळू नये म्हणून चासीला जो रबरी ठोकळा असतो, बंप स्टॉप, तो दोन्हीकडे झिजून सपाट झालाय. मी तो फोनमधल्या यादीत लिहिला. शेवटी. लो प्रायॉरिटी.

गाडी काय सुंदर चालायला लागली! रविवारी सड्यावर नेली, लीव्हर फोर-एलमध्ये टाकला आणि ब्रेक-क्लचला पाय न लावता, पायी चालणाऱ्या माणसाच्या वेगाने, ती जांभ्याच्या पायऱ्या चढून गेली. चुलतभावाने रील काढली. रात्री ती बाबांना दाखवली. त्यांनी पूर्ण बघितली, फोन परत दिला.

"रिकामी गाडी कुठेही चढते," म्हणाले.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात तोड भरात होती. मी ओटीवर बसून सकाळच्या कॉलवर होतो. बाबांचा फोन आला. "जरा वर ये. जॅक घेऊन ये." बस्स.

दुचाकीवरून गेलो. शेवटच्या उतारावर गाडी मागून एका बाजूला बसली होती. हौद्यातले क्रेट त्या बाजूला कलंडून खाली आले होते आणि लाल मातीत हापूस पसरला होता. वाटेच्या कडेला दाजू बसला होता. दाजू नेपाळचा, माझ्याच वयाचा, चार वर्षं आमच्या बागेत सीझनला येतो. क्रेट धरायला तो मागे उभा असायचा. मालाच्या गाडीत मागे माणूस नेता येत नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण सगळेच नेतात. तो डाव्या हाताने उजवं मनगट धरून बसला होता.

मी आधी टायर बघितला. मग दाजूकडे गेलो. हा क्रम मी अजून कोणाला सांगितलेला नव्हता.

टायरच्या खांद्यावर गोल चर पडला होता, आतल्या तारा दिसेपर्यंत. वर हौद्याच्या तळाला मडफ्लॅपची पट्टी धरणारा बोल्ट होता, त्याचं टोक घासून चकचकीत झालेलं. टायरची त्रिज्या १५ मिलिमीटर वाढलेली. सातातला एक पाटा गेल्यावर त्याच वजनाला गाडी ढोबळमानाने एक षष्ठांश जास्त बसते, तेही गेलं. आणि या दोन्हीनंतर अ‍ॅक्सलला थोपवायला जे रबर होतं, ते माझ्या यादीत शेवटी होतं. प्रत्येक बदल मी वेगळा तपासला होता. तिन्ही एकत्र, टनभर माल घालून, बाबांनी तपासले. पंधरा दिवस, रोज चार खेपा.

दाजूचं मनगट मोडलं होतं. रत्नागिरीला नेलं, सहा आठवड्यांचं प्लास्टर. म्हणजे त्याचा सीझन संपला. झेल्याने आंबा काढायला दोन्ही हात लागतात. बाबांनी त्याला जूनमध्ये घरी जाईपर्यंत पूर्ण मजुरी दिली. दवाखान्याचं बिल मी भरलं. जाताना दाजूला मी काहीतरी बोललो, मला वाटतं इंग्रजीत सॉरी म्हणालो, आणि तो हसून म्हणाला, "गाडी है, होता है." त्याने मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

बाबा काहीच बोलले नाहीत. शेवटी मीच विचारलं, तो पाटा घातला कशासाठी होता?

"पहिल्याच सीझनला मेन पाटा तुटला. त्याच उतारावर. तेव्हा घातला."

"मग मी विचारलं तेव्हा सांगितलं का नाही?"

"तू काम काय ते विचारलंस. कधी घातला ते कुठे विचारलंस?" थोडं थांबून म्हणाले, "आणि काढायला हो मीच म्हटलं ना. तू एकट्याने नाही काढलास."

जूनमध्ये कमानवाल्याकडे परत गेलो. सातवा पाटा त्याने ठेवलेला होता. "येणार माहीत होतं," म्हणाला. टायर जुन्या मापाचे घेतले, नक्षी मात्र जाड. ते मोठे टायर पुण्यातल्या एका जीपवाल्याला निम्म्या किमतीत गेले. बंप स्टॉपचं रबर साडेतीनशे रुपयांना मिळालं. बोल्ट उलटा बसवला, डोकं खाली आणि टोक वर. नंतर हौद्याच्या चारही कोपऱ्यांना कड्या लावल्या, पट्ट्याने क्रेट आवळून बांधता येतील अशा. पुण्यातला ग्रुप मी सोडलेला नाही. चिखलात जायला मला अजूनही आवडतं, फक्त दुसऱ्याच्या गाडीत बसून जातो.

नोव्हेंबरात दाजू परत आला. मनगट पूर्ण वळत नाही, पण चालतं असं तो म्हणतो. मी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं नाही.

मार्चअखेरची पहिली खेप. पाटे खोलून बसवले की गाडी वजनाखाली चालवून यू-बोल्ट पुन्हा आवळावे लागतात, कारण पाटे एकमेकांवर बसतात. म्हणून पन्नास क्रेट भरल्यावर मी पाना घेऊन खाली झोपलो. क्रेट पट्ट्याने आवळलेले होते. दाजू सवयीने मागे चढायला लागला, तर बाबा म्हणाले, "पुढे बस."

मी बोल्ट आवळले आणि टायर आणि हौदा यांच्यामध्ये हात घातला.

"किती?" बाबांनी वरून विचारलं.

"चार बोटं."

"कोणाची?"

मी हात बाहेर काढला. बाबा गुडघ्यावर बसले, वाकले आणि त्याच फटीत त्यांनी आपला हात घातला. त्यांची बोटं माझ्यापेक्षा बरीच जाड आहेत.

"तीन," म्हणाले, आणि दाजूला पाच क्रेट उतरवायला सांगितले.