डोस भरला

२००९ ची दिवाळी झाली आणि औंढा तालुक्यातले आम्ही सहा जण एका अणुवीज केंद्राच्या शटडाऊनला गेलो. सोयाबीन धड हाती लागलं नव्हतं, हळद निघायला अजून अवकाश होता. मुकादम म्हणाला होता, "पुसापुशीचं काम हाय, हजेरी चांगली." काय पुसायचं ते त्यानं सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

आत जाताना छातीवर बिल्ला लावायचा. प्लॅस्टिकचा छोटा डबा, आत तीन चकत्यांची पट्टी. बाहेर पडताना आपापल्या नंबराच्या खुंटीला अडकवायचा. 'डोस' हा शब्द आम्हाला तोवर पोलिओपुरता ठाऊक. इथं डोस भरला की काम बंद. नियम असा, की पाच वर्षांची सरासरी धरून वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. आम्हाला त्यातलं एवढंच कळलं, की डोस भरला तर हजेरी गेली. आमच्यातल्या एकानं एकदा बिल्ला खोलीवरच ठेवला. मुकादमानं पाहून न पाहिल्यासारखं केलं.

नोव्हेंबर संपता संपता टीव्हीवर कैगाची बातमी आली. कारवारजवळच्या त्या केंद्रात कुणीतरी पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये ट्रिशियम असलेलं जड पाणी मिसळलं होतं, आणि पन्नासहून जास्त कामगारांच्या लघवीत ते सापडलं. त्या रात्री आमच्या मेसमधल्या कूलरला कुणी हात लावला नाही. सगळे नळावर.

पंधरा दिवसांनी आमची पाळी आली. एका पंपाच्या सीलमधून जड पाणी गळलं, फरशीवर थारोळं झालं. दिसायला साधं पाणी, ना वास ना रंग. हवेची नळी लावलेला प्लॅस्टिकचा सूट चढवून आम्ही दोघं फडकी घेऊन बसलो. घामानं मनगटाची टेप सुटली, हातमोजा खाली सरकला, बाही ओली झाली. मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बाहेर काढलं असतं.

दुसऱ्या दिवशी लघवीच्या बाटल्या घेतल्या. बिल्ल्याला ट्रिशियम दिसतच नाही, त्याची किरणं कातडीही भेदत नाहीत. पण पाणी होऊन शरीरात गेलं की बाटलीच बोलते. माझी बोलली. "भरपूर पाणी पी, दहा-बारा दिवसांत निम्मं निघून जातं," एवढंच मला सांगण्यात आलं. आकडा किती, तो वहीत लिहिला, मला दाखवला नाही. मी दोनदा विचारला. तिसऱ्यांदा विचारायच्या आत माझं नाव यादीतून गेलं होतं.

घरी आईला म्हटलं, काम संपलं. रोज तांब्यावर तांब्या पाणी पीत होतो. ती म्हणाली, तिकडं खारट खायला घालीत व्हते का?

२०११ मध्ये फुकुशिमाच्या बातम्या आल्या तेव्हा मी हळद शिजवत होतो. केबल टाकायला गेलेले ठेकेदाराचे तिघं जण किरणोत्सर्गी पाण्यात उभे राहिले, त्यातल्या दोघांच्या पायांत घोट्यापर्यंतचेच बूट. पुढच्या वर्षी कळलं, की तिथल्या एका उपठेकेदारानं कामगारांना डोस मोजणाऱ्या यंत्रावर शिशाचा पत्रा लावायला सांगितला होता. मला खोलीवर राहिलेला तो बिल्ला आठवला. जपानी मुकादमही मुकादमच.

२०२३ च्या मे महिन्यात औंढ्याजवळच्या लायगो प्रकल्पाची पायाभरणी झाली. प्रकल्प अणुऊर्जा विभागाचा, त्यामुळे गावात कुजबुज सुरू झाली, आणि 'अणूतला माणूस' म्हणून सगळे माझ्याकडं. शेजारचे आबा ओट्यावर येऊन बसले.

"काहून रे, तिथं किरणं सुटतेल का?"

मी काडीनं मातीत काटकोन काढला. चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या, आत लेझर, टोकाला आरसे. आकाशातून आलेली लाट मोजायची. भट्टी नाही, जड पाणी नाही, बिल्ला नाही.

आबा काटकोनाकडं बराच वेळ पाहत राहिले. त्यांचा नातू तेव्हा पुण्यात बांधकामावर होता.

"बरं," ते म्हणाले, "मग माणसं किती लागतेल?"